दहा-वीस हजारांत शाळेचा उपक्रम: निधी मागण्यापासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत

जिल्हा परिषदेच्या शाळेत उपक्रमांना पैसा मिळत नाही, हे अर्धंच खरं आहे. वर्गखोली बांधायची असेल, छप्पर बदलायचं असेल तर शिक्षकाच्या हातात फारसं काही नसतं. पण ८ ते ३० हजारांत होणारं, मुलांच्या थेट उपयोगाचं काम असेल तर तेवढा पैसा तालुक्यातच कुठे ना कुठे असतो. अडतं ते मागण्याच्या पद्धतीपाशी. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका सेवाभावी क्लबात शाळांचे अर्ज वाचायचं काम माझ्याकडे असतं. त्यातले निम्म्याहून जास्त अर्ज एकाच वळणाचे असतात: ‘शाळा डिजिटल करण्यासाठी सढळ हस्ते सहकार्य व्हावे.’ यावर काय निर्णय घ्यायचा? टीव्ही द्यायचा की इन्व्हर्टर, कोणत्या मुलांसाठी, आणि तो टीव्ही आणखी दोन वर्षांनी कपाटावर उलटा पडलेला नसेल याची हमी कोण देणार?

माझं मत सरळ आहे. लहान निधीसाठी प्रश्नही लहान निवडावा लागतो. हा लेख त्या हिशेबाने लिहिला आहे. मुख्यत्वे जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या शाळा डोळ्यांसमोर आहेत. खासगी अनुदानित शाळांना जिथे वेगळा रस्ता आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आधी अडचण, मग वस्तू

कागद घ्या आणि वस्तूचं नाव न लिहिता अडचण लिहा. ‘आम्हाला ग्रंथालय हवं’ ही वस्तू झाली. ‘तिसरी-चौथीच्या २१ मुलांपैकी ९ मुलं शब्द वाचतात, पण परिच्छेद वाचताना अडखळतात, आणि या नऊही जणांच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज वाचायला काही नाही’ ही अडचण झाली. अशी अडचण लिहिली की काय घ्यायचं ते आपोआप समजतं. बहुधा ते पहिल्यांदा मनात आलेल्यापेक्षा स्वस्त निघतं. वरच्या नऊ मुलांना काचेच्या कपाटांची खोली नको आहे. त्यांच्या वस्तीवर पुस्तकं जायला हवीत.

मुलांची आजची स्थिती आकड्यात लिहा. त्यासाठी नवी चाचणी घ्यायची गरज नाही. पायाभूत चाचणीच्या नोंदी, हजेरीपट, उंची-वजनाची नोंद, खेळाच्या तासाला किती मुली मैदानात उतरतात याची आठवडाभराची मोजणी, यातलं काहीही चालतं. उपक्रम संपल्यावर हेच पुन्हा मोजायचं आहे, म्हणून मोजायला सोपं तेच निवडा. मुलांची नावं मात्र अर्जात कधीही लिहू नका, आकडा पुरतो.

मग एक कठोर प्रश्न विचारा: ही अडचण पैशाने सुटते का? मुलं ऊसतोडीला पालकांबरोबर जात असतील तर वर्गात रंगीत तक्ते लावून हजेरी वाढत नाही. तिथे हंगामी वसतिगृहाची व्यवस्था पाहावी लागते, आणि ते काम वेगळ्या टेबलावरचं आहे.

आधी घरातलं तपासा

बाहेर हात पसरण्यापूर्वी शाळेच्या नावावर काय येतं ते मुख्याध्यापकांबरोबर बसून पाहा. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. योजनेच्या २०२१ नंतरच्या आराखड्यात ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १० हजार, ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार आणि त्यावर १ लाख अशी कमाल मर्यादा आहे. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. वीजबिल, इंटरनेट, पिण्याचं पाणी, किरकोळ दुरुस्ती, अध्यापन साहित्य हे सगळं याच पैशातून भागवायचं असतं. म्हणजे ४२ पटाच्या शाळेचे २५ हजार कागदावर बरे दिसले, तरी २,५०० स्वच्छतेला आणि वीजबिल-दुरुस्ती गेल्यावर उपक्रमासाठी चार-पाच हजार राहिले तर नशीब. शिवाय पैसा वेळेवर आणि पूर्ण येईलच असं नाही, आर्थिक वर्ष संपता संपता खात्यावर दिसला की खर्चाची एकच धांदल उडते. म्हणून यादी आधीच तयार ठेवा.

त्याच योजनेत ग्रंथालयासाठी प्राथमिक शाळेला ५ हजारांपर्यंत, आणि क्रीडासाहित्यासाठी प्राथमिकला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार, माध्यमिकला २५ हजारांपर्यंत तरतूद आहे. यंदा तुमच्या शाळेला प्रत्यक्ष काय मंजूर आहे, रक्कम येणार की पुस्तकांचा संच, हे गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रात, विचारून घ्या. देणगीदारासमोर ‘ग्रंथालय अनुदानातून आम्ही एवढं केलं, आता एवढंच कमी पडतंय’ हे वाक्य फार वजनदार ठरतं. अर्ज वाचणाऱ्याला कळतं की समोरच्याने आपलं गाठोडं आधी उघडून पाहिलं आहे.

सहावी किंवा त्यापुढचे वर्ग असतील तर इन्स्पायर पुरस्कार मानक योजना विसरू नका. शाळेने मुलांच्या पाच कल्पना ऑनलाइन पाठवायच्या, निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यावर प्रतिकृतीसाठी १० हजार रुपये थेट जमा होतात. हा पैसा शिक्षकाच्या उपक्रमाचा नाही, मुलाच्या कल्पनेचा आहे, पण विज्ञान मंडळ चालवणाऱ्या शिक्षकासाठी तो मोठा आधार आहे.

पैसा कुठे असतो आणि केव्हा असतो

प्रत्येक देणाऱ्याचं वर्ष वेगळं असतं. हे लक्षात न घेता सगळे अर्ज जूनमध्ये शाळा उघडल्यावर टाकले जातात आणि मग कुणी देत नाही म्हणून नाराजी होते.

ग्रामपंचायतीपासून सुरुवात करा. ‘आमचा गाव आमचा विकास’ आराखडा पुढच्या आर्थिक वर्षाचा असतो आणि त्याच्या ग्रामसभा साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होतात. तुमची मागणी त्या आराखड्यात नावानिशी आली नाही, तर सरपंचांची कितीही इच्छा असली तरी वर्षभर काही करता येत नाही. वित्त आयोगाच्या निधीत बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी असतो. हात धुण्याची जागा, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी, ही कामं त्यात चपखल बसतात. इतर गोष्टी अबंधित भागातून मागाव्या लागतात. याखेरीज ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. वर्गात दिव्यांग मूल असेल आणि त्याला बसायला वेगळी खुर्ची किंवा मोठ्या अक्षरांचं साहित्य हवं असेल, तर या ५ टक्क्यांचा उल्लेख अर्जात जरूर करा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) तो खर्च दाखवायचाच असतो.

सहकारी संस्थांकडे शिक्षक फार कमी जातात, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायटी यांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. नफ्याची वाटणी तिथे ठरते, आणि धर्मादाय किंवा सामाजिक कामाच्या नावाखाली थोडी रक्कम बाजूला पडते. अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये संचालक मंडळापुढे गेला पाहिजे. संचालकांपैकी कुणाचा नातू तुमच्याच शाळेत असतो, पालकसभेत त्यांना बोलवा.

रोटरी आणि लायन्स क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. नवे अध्यक्ष त्याच दिवशी सूत्रं घेतात आणि त्यांना वर्षभराचे प्रकल्प ठरवायचे असतात. म्हणून मे-जूनमध्ये भावी अध्यक्षांना भेटणं हाच योग्य मुहूर्त. एप्रिलमध्ये आलेला अर्ज चांगला असला तरी आम्ही तो पुढच्या वर्षावर ढकलतो, आणि ढकललेला अर्ज बहुधा हरवतो.

कंपन्यांचं काम वेगळं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक दायित्वावर खर्च करायचे असतात, आणि शिक्षण त्या यादीत आहे. पण मुंबई-पुण्याच्या मुख्य कार्यालयाला १५ हजारांचा अर्ज म्हणजे कटकट असते, कारण त्याचीही कागदपत्रं १५ लाखांइतकीच लागतात. दोन वाटा आहेत. जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाला भेटून वस्तूच मागायच्या. नाहीतर केंद्रप्रमुखांना (जवळपासच्या शाळांच्या गटाचे अधिकारी) पुढे घालून केंद्रातल्या आठ-दहा शाळांचा एकच अर्ज करायचा, अडचण एक, रक्कम दीड-दोन लाख. दुसऱ्या वाटेत बहुतेकदा मध्ये एखादी संस्था लागते. तिने केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ ही सामाजिक दायित्वाचा निधी घेण्यासाठीची नोंदणी केलेली आहे का, ते आधी विचारा.

विद्यांजली हे केंद्र सरकारचं पोर्टल सप्टेंबर २०२१ पासून नव्या रूपात सुरू आहे. यूडायस क्रमांकाने, म्हणजे शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकाने, शाळा नोंदवून तिथे वस्तूंची किंवा स्वयंसेवकाच्या वेळेची मागणी टाकता येते. रोख पैसे मिळत नाहीत. नुसती मागणी टाकून वाट पाहिली तर फारसं होत नाही, पण देणगीदार आधीच तयार असेल तर सगळा व्यवहार सरकारी नोंदीत बसवायला ते सोयीचं आहे. दत्तक शाळा योजना मोठ्या रकमांची आहे, आपल्या आकाराच्या कामाला तिच्या नादी लागू नका.

आणि गाव. गणेशोत्सव मंडळ, जत्रा समिती, माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप गट, आईवडिलांच्या वर्षश्राद्धाला जेवणावळीऐवजी काही करू पाहणारी माणसं. शैक्षणिक उठाव, म्हणजे लोकांकडून शाळेसाठी मिळणारी मदत, म्हणून आपण जे म्हणतो ते बहुतांशी इथूनच होतं. स्मरणार्थ देणाऱ्याला नावाची पट्टी हवी असते, त्यात वाईट काही नाही. दिलेल्या वस्तूवर छोटी पट्टी लावा. भिंतभर फलक मात्र नको.

परदेशी गेलेल्या गावकऱ्यांबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या, इथे चांगल्या हेतूची माणसं अडकतात. भारतीय पारपत्र असलेल्या माणसाने दुबईहून किंवा अमेरिकेहून स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय योगदान ठरत नाही. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरीही, तर तो पैसा २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली येतो. परदेशातल्या मराठी मंडळाने संस्था म्हणून पाठवलेला पैसाही तसाच. तो घेण्यासाठी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं ठरावीक खातं लागतं. त्यामुळे असा निधी शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर परस्पर घेऊ नका. नोंदणी असलेल्या संस्थेकडे तो जाऊ द्या, तिने तुमच्या शाळेत काम करावं.

ठराव

पैशाआधी कागद. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि शाळा विकास आराखडा करणं हे तिचं काम आहे. तुमचा उपक्रम त्या आराखड्यात एका ओळीत तरी आलेला हवा. समितीच्या सभेत ठराव घ्या: उपक्रम कोणता, अंदाजे रक्कम किती, कुणाकडे मागायची, खरेदी कोण करणार. इतिवृत्तावर अध्यक्षांची सही घ्या. नंतर कुणी प्रश्न विचारला तर या एका पानाने तुम्ही वाचता.

सेवा-वर्तणूक नियमांप्रमाणे कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय वर्गणी गोळा करता येत नाही. म्हणून मागणी नेहमी समितीच्या नावाने, मुख्याध्यापकांच्या सहीने आणि केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत देऊन करा. स्वतःच्या फोनवरचा क्यूआर कोड कधीही फिरवू नका. शंभर रुपयेही नको. हेतू कितीही स्वच्छ असला तरी तुमच्या खात्यावरचा पैसा हा तुमचा पैसा दिसतो. समितीच्या खात्याला अडचण असेल तर देणगीदाराने दुकानदाराला थेट पैसे द्यावेत आणि वस्तू शाळेला मिळाव्यात, हा सगळ्यात निर्धोक मार्ग आहे.

खासगी अनुदानित शाळेत पैसा संस्थेच्या खात्यावर जातो, त्यामुळे ‘ही रक्कम अमुक उपक्रमासाठीच’ असं संस्थेचं लेखी पत्र अर्जासोबत जोडा. आयकर सवलतीची पावती फक्त त्यासाठी नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येते, आणि २ हजारांहून जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही. नोंदणी नसेल तर तसं स्पष्ट सांगा. देणारा त्यामुळे मागे हटत नाही, फसवणूक झाली की मात्र कायमचा जातो.

अर्ज: एक पान

समजा, वरच्याच शाळेसाठी वस्ती वाचनपेटी करायची आहे. अर्ज असा लिहिता येईल:

‘आमच्या शाळेत पहिली ते चौथीची ४२ मुलं आहेत. तिसरी-चौथीच्या २१ पैकी ९ मुलं परिच्छेद वाचताना अडखळतात. ही मुलं शाळेपासून दूर तीन वस्त्यांवर राहतात आणि घरी त्यांना वाचायला पुस्तक नाही. प्रत्येक वस्तीवर ४० गोष्टीच्या पुस्तकांची एक पेटी एका पालकाच्या घरी ठेवू. रोज संध्याकाळी अर्धा तास मुलं तिथे वाचतील. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पेट्या वस्त्यांमध्ये बदलतील. तिन्ही घरच्या माउलींनी संमती दिली आहे. खर्च १०,८०० रुपये, त्यातले १,८०० गावाने दिले आहेत. आपल्याकडे ९,००० रुपयांची विनंती आहे. मार्चमध्ये याच ९ मुलांची पुन्हा वाचन तपासणी करून निकाल आपल्याला कळवू.’

एवढंच. ज्ञानरचनावाद, एकविसाव्या शतकाची कौशल्यं, राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० यांचे परिच्छेद वाचताना आम्ही सरळ पुढच्या पानावर जातो. ‘तिन्ही घरच्या माउलींनी संमती दिली आहे’ या वाक्यापाशी थांबतो, कारण तिथे कळतं की शिक्षक वस्तीवर जाऊन आला आहे.

सोबत जोडायचं: ठरावाची प्रत, दरपत्रकं, शाळेचा यूडायस क्रमांक, बँक तपशील, मुख्याध्यापकांचा संपर्क. शाळेच्या पडक्या भिंतीचे बारा फोटो नकोत.

अंदाजपत्रक

त्याच पेटीचा खर्च बघा. १२० पुस्तकं सरासरी ६० रुपयांप्रमाणे ७,२००. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या ३ पेट्या ६०० प्रमाणे १,८००. कव्हरं, चिकटपट्टी, नोंदवह्या ६००. दुसऱ्या सत्रात फाटलेल्या पुस्तकांच्या जागी नवी १,२००. एकूण १०,८००. पेट्यांचे पैसे गावाचे, म्हणून मागणी ९ हजारांची.

शेवटची १,२०० ची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत. पुस्तकं फाटणारच, चेंडू हरवणारच, मायक्रोस्कोपची काच फुटणारच. वस्तू टिकून राहायला लागणारा पैसा आधीच मागा. आमच्या क्लबात अर्ज वाचताना मी तरी ही ओळ दिसली की गुण वाढवतो. टीव्ही, संगणक, पाण्याचं फिल्टर अशा वस्तूंना तर तीन वर्षांचा देखभाल खर्च कुठून येणार हे लिहिल्याशिवाय अर्जच देऊ नये.

कमी पैशात होत असेल तर तेही दाखवा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत, त्या छापून वाटता येतात. काही पुस्तकं तशी घेतली तर ७,२०० चा आकडा खाली येतो. आकडे गोल करू नका. ‘किरकोळ खर्च २,०००’ हा शब्दप्रयोग अर्जाचा घात करतो.

गावाचा वाटा लहान असला तरी हवाच. पैशात नको असेल तर श्रमात दाखवा: पेट्या ठेवायला फळी सुताराने फुकट बसवून दिली, ती किंमत लिहा.

खरेदी आणि नोंदी

रक्कम जमा झाली की उत्साहात त्याच दिवशी बाजारात जाऊ नका. तीन दुकानांची दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, समितीची मान्यता, मग खरेदी. पैसे शक्यतो धनादेशाने किंवा ऑनलाइन. जीएसटी बिल शाळेच्या नावाने घ्या, शिक्षकाच्या नाही. समग्र शिक्षाचा पैसा असेल तर तो पीएफएमएस या सरकारी पैशाच्या ऑनलाइन प्रणालीतूनच थेट विक्रेत्याला जातो, त्यामुळे विक्रेत्याचं खातं आधी नोंदवून ठेवलं तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली धावपळ वाचते. शासकीय निधी आणि देणगी यांची कीर्दीत वेगवेगळी नोंद ठेवा. एकाच बिलाचा खर्च दोन्हीकडे दाखवला गेला तर लेखापरीक्षणात उत्तर देता देता पुरेवाट होते.

टिकाऊ वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढवा, दात्याचं नाव आणि तारखेसह. पुस्तकं ग्रंथालय नोंदवहीत. हे कंटाळवाणं आहे, पण बदलीच्या वेळी कार्यभार देताना नोंद नसलेली वस्तू शोधत बसावी लागते.

बदलीचाच प्रश्न सगळ्यात मोठा आहे. छोटे उपक्रम पैशाअभावी कमी, शिक्षकाच्या बदलीने जास्त मरतात. उपाय सुरुवातीलाच करायचा. उपक्रमाची जबाबदारी ठरावात दोन माणसांच्या नावावर ठेवा, त्यातलं एक गावातलं: पालक, अंगणवाडी सेविका किंवा बचत गटाची अध्यक्षा. कसं चालवायचं ते दोन पानांवर हाताने लिहून पेटीतच ठेवा. कपाटाच्या किल्ल्या दोन करा.

अहवाल

पैसे मिळाल्यावर आठ दिवसांत पोच द्या, ती मुख्याध्यापक आणि समिती अध्यक्ष दोघांच्या सहीने. काम सुरू झाल्यावर दोन ओळींचा निरोप आणि एक फोटो. फोटोत मुलं वाचत, खेळत, काहीतरी करत असावीत. रांगेत उभी राहून पाहुण्यांच्या हातून वस्तू घेणारी नकोत. पालकांची लेखी संमती वर्षाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवा आणि फोटोखाली मुलाचं नाव लिहू नका.

शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला असं सहीनिशी लिहून देणं), बिलांच्या साक्षांकित प्रती आणि एक पान निकालाचं. नऊपैकी सहा मुलं आता परिच्छेद वाचतात, दोन अजून अडखळतात, एक कुटुंब स्थलांतरित झालं, असं जसं असेल तसं लिहा. ‘सर्व विद्यार्थी प्रगत झाले’ यावर कुणाचाही विश्वास बसत नाही. एका वस्तीवरची पेटी चालली नाही तर का चालली नाही तेही लिहा. घर बदललं, वेळ बदलली, काय केलं ते सांगा. पैसे उरले असतील तर स्वतःहून कळवा आणि परत करू की पुस्तकं घेऊ ते विचारा. क्लबसाठी हा अहवाल मे महिन्याच्या आत आला पाहिजे, कारण जूनमध्ये जुनी कार्यकारिणी हिशेब बंद करते आणि पुढच्या वर्षी कुणाला द्यायचं याची पहिली यादी त्याच फायलीवरून निघते. दुसऱ्या वर्षीच्या विनंतीचं पत्रही त्याच लखोट्यात घातलं तरी चालतं.